पार्बताबाईचं निदान

"बोरकर, इकडे ये. बोलू नकोस, नुसतं बघ."

झीनत कुरेशी मॅडमनी आपली खुर्ची मागे घेतली आणि सूक्ष्मदर्शकापुढची जागा मला दिली. मी डोळे लावले. गुलाबी-जांभळ्या रंगात माणसाच्या कातडीचा उभा छेद दिसत होता. वरच्या थरात, जिथं एरवी कुणी फिरकत नाही, तिथं गडद, वेड्यावाकड्या पेशी ठाण मांडून बसल्या होत्या. कुठं एकट्यादुकट्या, कुठं घोळक्यानं.

"आता काय दिसत नाही, ते सांग," मॅडम म्हणाल्या.

मी खालचे थर पाहिले. मज्जातंतूंच्या भोवती पाहिलं. परत पाहिलं.

"कुष्ठाची खूण दिसत नाही."

"एकही नाही. चार जागचे तुकडे पाहिले मी. ही बाई बावीस वर्षं कुष्ठवसाहतीत राहतेय, आणि हिला कुष्ठरोग नाही. कधी होता असंही मला वाटत नाही." त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं पुसत राहिल्या. "सरांना बोलाव."

सर म्हणजे डॉक्टर यशवंत पिंपळापुरे. नागपुरात आमच्या रुग्णालयात त्यांनी दर गुरुवारी एक बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता, फक्त कातडीच्या दुर्मीळ कर्करोगांसाठी. त्वचारोगाचे ते स्वतः, पेशी पाहायला कुरेशी मॅडम, किरणोपचाराचं यंत्र सांभाळणारे धोटे, आणि पडेल ते काम करायला मी, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. वर्षाकाठी मोजके रुग्ण यायचे. बाकीच्या विभागांतले लोक चेष्टेनं म्हणायचे, पिंपळापुऱ्यांच्या गुरुवारपेक्षा दत्ताच्या देवळात जास्त गर्दी असते. सर हसून सोडून द्यायचे. परीक्षा झाली की मी यवतमाळला दवाखाना टाकणार होते. जागासुद्धा बघून ठेवली होती.

सरांनी बराच वेळ काचपट्टी पाहिली. मान वर करून एवढंच विचारलं, "बाई कुठे आहेत?"

पार्बताबाई लांजेवार व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर. उंच, काटक बांधा. अंगभर पांढरट चट्टे जुनेच होते, पण गेल्या वर्षभरात पाठीवर आणि मांड्यांवर लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. त्यांतली एक फुटून वाहत होती. वसाहतीच्या डॉक्टरांना गाठींचा उलगडा होईना, म्हणून त्यांनी आमच्याकडे धाडलं होतं. सोबत भागेरता नावाची त्यांची मैत्रीण होती. तिचा रोग केव्हाच बरा झाला होता, पण जाताना दोन्ही हातांची बोटं घेऊन गेला होता. नुसते तळवे उरले होते. कुणी समोरून आलं की ती हात पदराखाली घ्यायची. दोघी एका ताटात जेवायच्या. चहा आला की पार्बताबाई पेला आधी आपल्या गालाला लावून बघायच्या आणि मगच भागेरताच्या दोन तळव्यांमध्ये ठेवायच्या. भागेरता त्यांना 'पारे' म्हणायची.

सरांनी पार्बताबाईंना एकट्यांनाच आत बोलावलं.

"बाई, तुम्हाला महारोग नाही," ते म्हणाले. "तुमचा आजार वेगळा आहे. कातडीचा कॅन्सर आहे, पण फार हळू चालणारा. वर्षानुवर्षं नुसते चट्टेच दिसतात, त्यामुळे फसायला होतं. आता तो गाठींवर आलाय. पार बरा होईल असं वचन मी देत नाही. पण गाठी जातील, आग थांबेल, काही वर्षं चांगली मिळतील."

"आनं रगतपिती?"

"नाही. नव्हतीच."

मी पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, बाई रडतील, नाहीतर संतापतील. त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर भागेरता बसली होती.

"भागेरताले सांगू नोका," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"का बरं?"

"सांगू नोका म्हनलं ना."

सर उठले. त्यांनी हात जोडले. "बाई, ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे. तुमचं आयुष्य..."

"तुमी कायले हात जोडता, बाप्पा? तुमी तं तवा कॉलेजात असान." त्या उठल्या, पदर सारखा केला. "इलाज कवा सुरू करता?"

इलाज सोपा नव्हता. सबंध अंगाच्या कातडीला किरण द्यायचे, आणि तेही एवढ्या बेतानं की कातडीखाली काही जाता कामा नये. आमच्याकडे हे कुणी केलेलं नव्हतं. धोट्यांनी त्याआधी आठवडेच्या आठवडे यंत्रासमोर पुतळा उभा करून मोजमापं घेतली होती. भिंतीशी एक लाकडी चौथरा होता. त्यावर रुग्णानं उघड्या अंगानं उभं राहायचं, कधी समोर तोंड, कधी पाठमोरं, कधी तिरपं, एक हात वर, एक पाय पुढं. यंत्र चालू असताना आत कुणी थांबायचं नाही. आम्ही बाहेर काचेआड बसून पाहायचो आणि धोटे माइकवरून सांगायचे, "बाई, आता डावीकडे वळा. हात वर. हलू नका."

पहिल्या दिवशी साडी सोडताना त्यांचे हात थांबले. मी म्हटलं, "मी आहे. धोटेकाका बाहेर पडद्याआड बसतील, तुम्ही जागेवर उभ्या राहिलात की मगच बघतील."

"पाहू दे वं. बावीस वर्सं डाक्टरं पाहूनच रायले," त्या म्हणाल्या. पण उभ्या राहताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

आठवड्यातून चार दिवस, दोन महिने हे चाललं. त्यांचे केस गेले. नखं काळी पडून गळाली. पाय सुजले. कातडी आधी भाजल्यासारखी लाल झाली, मग काळवंडली आणि साली निघू लागल्या. गाठी मात्र दर आठवड्याला बसत गेल्या. ती फुटलेली गाठ सुकून तिथं नवी, कोवळी कातडी धरली, तेव्हा कुरेशी मॅडम प्रयोगशाळा सोडून मुद्दाम वॉर्डात येऊन बघून गेल्या.

मी रोज त्यांच्या अंगाला मलम लावायची. एकदा पाठीवरून हात फिरवता फिरवता मी विचारलं, "दुखतं का?"

"दुखते. मले समदंच दुखते. तेच तं काम होतं माहं."

"कसलं काम?"

"आमच्या वसाहतीत कोनाले कळत नाई ना. हात भाजला, कळत नाई. पायात काटा घुसला, कळत नाई. रक्ताचे डाग दिसले का मंग धावपय. मले कळते. म्हून आंघोळीचं पानी मी पाहाव, तव्यावरची भाकर मी काढाव, सांजच्याला समद्याइचे पाय मी तपासाव. कोनाच्या जोड्यात खडा हाय, खिळा हाय, ते मीच पाहाव."

माझा हात थांबला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? की तुमच्या कातडीला संवेदना आहे, तुम्ही त्यांच्यासारख्या नाही?"

"पयल्या दिवसापासून. त्या डाक्टरनं डोये मिटाले सांगतले आनं कापूस लावला. म्या म्हनलं, कळते. तो म्हने, नीट ध्यान देऊन सांग. म्या म्हनलं, कळते ना. मंग सासू म्हने, खोटी बोलून रायली, घरी याचं म्हून." त्या उगाच हसल्या. "अंगावरचे डाग कोनी सांगून पुसते काय, पोरी?"

"मग नंतर कधी कुणाला का नाही सांगितलंत?"

त्यांनी मलमाची डबी बंद करायला सांगितली.

सरांच्या मनाला ही गोष्ट फार लागली होती. बाईंचं माहेर राहिलं नव्हतं, नवरा वारला होता, पण पवनीकडच्या एका गावात मुलगा होता, वीज मंडळात वायरमन. आई वसाहतीत गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सरांनी तिथल्या आरोग्यसेवकामार्फत त्याला निरोप धाडला.

"बाईंना विचारलंत का, सर?" मी म्हटलं.

"आईची नि मुलाची गाठ घालायला विचारायचं काय त्यात? आपण तोडलंय बोरकर, आपणच जोडलं पाहिजे."

उपचार संपत आले होते तेव्हाचा एक गुरुवार. व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या होत्या. भागेरतानं केस गेलेल्या डोक्यावरून पार्बताबाईंचा पदर आपल्या तळव्यांनी नीट ओढून दिला होता. मी आतून केसपेपर घेऊन बाहेर येत होते, तेवढ्यात खाकी पँट घातलेला, तिशीच्या आसपासचा माणूस जिन्यावरून घाईघाईनं आला. त्यानं बाकावरच्या दोघींकडे पाहिलं. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. आई कुठली ते त्याला कळेना.

"पार्बताबाई लांजेवार?" त्यानं विचारलं.

पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या. "शेशा?"

शेषराव जागच्या जागी उभा राहून रडायला लागला. आणि मोठ्यानं, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, तुला महारोग नव्हताच! डॉक्टरांनी सांगितलं मला. नव्हताच कधी! तू चांगली होतीस, आई!"

माझं लक्ष पार्बताबाईंकडे नव्हतं. मी भागेरताकडे पाहत होते.

ती क्षणभर तशीच बसली. मग बाकावरून उठली. आपलं गाठोडं तळव्यांत धरलं आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, खांबापाशी जाऊन खाली फरशीवर बसली. हात पदराखाली घेतले.

"भागे," पार्बताबाईंनी हाक मारली. "इकडं ये वं."

"राहू द्या, बाई," भागेरता म्हणाली. "तुमी बसा. पोरगा आला तुमचा."

मी तिला पार्बताबाईंना 'तुम्ही' म्हणताना कधीच ऐकलं नव्हतं.

पार्बताबाई सुजलेल्या पायांनी तेवढा व्हरांडा चालत गेल्या. फार वेळ लागला. खांबाला धरून खाली बसल्या, भागेरताला अगदी खेटून. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हून सांगत नव्हती मी."

शेषराव मागोमाग आला, पण दोन हात अंतरावर थांबला. "आई, घरी चल. आज चल. आता कोणी काही म्हणणार नाही. कॅन्सर आहे म्हणून सांगू."

"कॅन्सर चालते काय गावाले?"

"चालतो," तो म्हणाला. आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"मी आली होती एक बार," पार्बताबाई म्हणाल्या. "तिकडं जाऊन तीन वर्सं झाले होते. पोयाचा दिवस होता. डाग तसेच होते, पन वाटलं, पोराले पाहून येवाव. तू गल्लीत बैलाइच्या मागं फिरत होता. मले पाहून धावत आला आनं गयात पडला. तुह्या आजीनं पाह्यलं. तुले वढत विहिरीवर नेलं."

शेषराव खाली बसला. "राखेनं घासलं," तो म्हणाला. "काथ्यानं आणि राखेनं. छाती, हात, गाल. साल निघाली तरी सोडेना. मला ते आठवतं, आई. का घासलं तेवढं आठवत नव्हतं. मला वाटायचं, मी काहीतरी फार वाईट केलं असेल."

"नाई, बाबू. तू काई नाई केलं."

"मग तू बोलली का नाहीस काही?"

"काय बोलू? तुहं रडनं मले पांदनीपर्यंत आयकू येत होतं. आखीन आली असती, तं आखीन घासलं असतं. ह्या भागीनं मले त्या राती जेवाले घातलं. आठ दिवस मी कोनाशी बोलली नाई. ही रोज माह्यापाशी येऊन बसे. हिले काई कळत नाई हाताले, पन माह्या पाठीवरून हात फिरवे." त्या थांबल्या. "रोग नाई म्हून तू मले न्याले आला. चांगलं केलं. पन रोग असता तं?"

शेषरावनं मान खाली घातली.  आत धोटे माइक तपासत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता. सर दारात येऊन कधी उभे राहिले होते, ते मला कळलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी ते मला म्हणाले होते की, त्या दारात उभं असताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपण निदान अर्धवट केलंय.

शेषराव संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. पार्बताबाई उपचार संपवून वसाहतीत गेल्या. वाहनात चढताना भागेरता अजून 'बाई' म्हणत होती. 'पारे' म्हणायला तिला पुढचा महिना लागला, असं पार्बताबाईंनीच तपासणीला आल्या तेव्हा सांगितलं.

शेषराव पुन्हा येईल असं मला वाटत नव्हतं. पण तो आला. आधी आमच्या गुरुवारी, मग वसाहतीत. पहिल्यांदा फाटकाशीच बसला म्हणे. नंतर वसाहतीच्या विजेच्या तारा नीट करून दिल्या. त्याची बायको एकदा आली, पुन्हा आली नाही. तो येत राहिला. भागेरता समोर आली की तो उठून उभा राहायचा, काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून पंख्याबद्दल बोलायचा.

आजार अडीच वर्षांनी परतला. माझी परीक्षा केव्हाच झाली होती, पण यवतमाळ पुढं ढकलत मी अजून सरांकडेच होते. या खेपेला तो कातडीत थांबला नाही. रक्तात उतरला. सरांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. शेवटी पार्बताबाईंनीच त्यांना थांबवलं. जरा बरं वाटत होतं अशा एका दुपारी सरांनी अडखळत विचारलं होतं, पुढं-मागं काही झालं, तर कातडीचे आणि आतल्या अवयवांचे तुकडे अभ्यासाला घेऊ का? असा रुग्ण आमच्या हाती फिरून येणार नाही.

"घ्या ना," त्या म्हणाल्या होत्या. "माह्यासारखं आखीन कोनी तिकडं बसलं असन, तं वयखता येईन तुमाले."

होती तशी माणसं. पुढच्या वर्षी आम्ही वसाहती पालथ्या घालायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वसाहतीत एक म्हातारे गृहस्थ सापडले. मग चंद्रपूरकडे एक तरुण मुलगी, तिचे तर अजून नुसते चट्टेच होते. यवतमाळची जागा मी सोडून दिली. पण तेव्हा यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पार्बताबाई गेल्या त्या सकाळी वॉर्डाच्या खिडकीतून ऊन आलं होतं. उशाशी भागेरता होती, पायथ्याशी शेषराव. बऱ्याच वेळानं सर आले. परवानगीचा कागद माझ्याकडे होता. तो शेषरावपुढं करायला मला धीर होत नव्हता. सरांनीच त्याला बाजूला घेऊन समजावलं.

"आईंची इच्छा होती. पण नातेवाइकांची सही लागते."

शेषरावनं कागद वाचला. मग मान हलवली. "आधी तिला विचारा, सर," तो म्हणाला आणि त्यानं भागेरताकडे बोट केलं. "घरचं माणूस ती आहे."

"कायद्यानं तुमची सही..."

"मी करतो ना. खाली करतो. वर तिचं राहू द्या."

सरांनी भागेरताला सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, काय करायचं आणि कशासाठी. तिनं ऐकून घेतलं. मी शाईची डबी उघडून पुढं ठेवली आणि मग माझ्या लक्षात आलं. अंगठा उठवायला तिला अंगठा नव्हता. भागेरता पदराखालून हात काढेना.

शेषराव तिच्याजवळ गेला. त्यानं पदर बाजूला केला, तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि तिच्या तळव्याची कड, जिथं अंगठा असायचा ती, शाईवर टेकवली. मग कागदावर दाबून धरली. फार वेळ धरली. 

"मावशी, झालं," तो म्हणाला.

भागेरतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पार्बताबाईंकडे पाहत होती.

"डाक्टरसायेब," तिनं विचारलं, "तिले लय कळत होतं. आता दुखन नाई ना तिले?"

सरांनी कागद माझ्या हातात दिला.

"नाही दुखणार, मावशी," ते म्हणाले. "मी स्वतः करतो. हळू करतो."